आखूड शेपटीच्या चंडोलाची गणना

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी, बंगळूरच्या उत्तरेकडच्या एका गवताळ माळावर चंडोलांची गणना झाली. आखूड शेपटीच्या झुडपी चंडोलापुढे शून्य लिहिलं गेलं. गणना अण्णांनी केली, शून्य मी लिहिलं. त्या सकाळी तो पक्षी माळावर होता.

एप्रिल आला की या शहरात करंजाला नवी पालवी फुटते. इथे त्याला होंगे म्हणतात. पानांचा हिरवा रंग इतका कोवळा असतो की उन्हात पिवळा दिसतो. फुलं चुरमुऱ्यांसारखी रस्त्यावर पडतात आणि सायकलींच्या चाकांखाली चुरडतात. दुपारी तीनच्या सुमारास आभाळ भरतं, कधी गारा पडतात, आणि पाचला पुन्हा लख्ख ऊन असतं. हे सगळं यंदाही झालं. जयनगरमधल्या ज्या घराच्या वरच्या मजल्यावर मी तेव्हा भाड्याने राहत होते, त्या घरासमोरचा करंज अजून उभा आहे. घर नाही.

अण्णा म्हणजे हणमंतराव. घराचे मालक. नकाशे काढणाऱ्या सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण. बहिणीला सगळी गल्ली अक्का म्हणत असे. त्यांनी कन्नड शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं होतं. या घराण्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि परत गेले नाहीत. मी पुण्याहून एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक म्हणून आले होते. पहिल्याच दिवशी जिन्याची किल्ली देताना अण्णा म्हणाले होते, “तुमचं मराठी पेशव्यांच्या नंतरचं. आमचं आधीचं. समजलं नाही तर विचार, लाजू नको.”

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तक्रार केली. “पुण्याची माणसं ओठ न हलवता बोलतात काय? स्वल्प मोठ्यानं बोल गं.”

मी मोठ्याने बोलायला लागले. पेपरवाला, शेजारचे निवृत्त कारकून, बँकेचा शिपाई यांच्याशी ते हळू आवाजातही सहज बोलत. अक्का त्यांच्याशी ओरडूनच बोलत, पण त्या सगळ्यांशीच ओरडून बोलत. गणिताच्या बाईंचा आवाज, असं मी धरून चालले होते.

चंडोल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तुरेवाला पक्षी येतो. अण्णांना त्याच्यात फारसा रस नव्हता. त्यांचा विषय लहान चंडोल. हे सगळे मातीच्या रंगाचे, पाठीवर गडद रेघा, चिमणीपेक्षा थोडेसे मोठे किंवा तेवढेच. उडाले की दोन सेकंदांत पुन्हा गवतात उतरतात आणि जिथे उतरले तिथे सापडत नाहीत. डोंबारी चंडोल त्यातल्या त्यात सोपा. नराचं पोट काळं असतं आणि तो हवेत कोलांट्या घेतो. आखूड बोटांचे चंडोल हिवाळ्यात उत्तरेकडून थव्यांनी येतात, नाचणी कापून झालेल्या शेतांत उतरतात आणि मार्चअखेर निघून जातात. लहान तुरेवाले दोन. एक तांबूस, कोरड्या दगडाळ माळांवरचा. दुसरा त्याहून मोठा आणि काळपट, सह्याद्रीच्या ओल्या बाजूचा. या दोघांच्या मुलुखांमधली रेघ नेमकी कुठून जाते, यासाठी अण्णांनी निवृत्तीआधीच्या सगळ्या रजा घालवल्या होत्या. रेघ सरळ नव्हती. पावसाच्या नकाशाशी ती थोडी जुळत होती, मातीच्या नकाशाशी थोडी, आणि एका टापूत कशाशीच नाही.

राहिले झुडपी चंडोल. इथे दोन, आखूड शेपटीचा आणि तांबड्या पंखांचा, आणि तिढा या दोघांचा होता.

एकदा अण्णा मला एका कॉलेजच्या संग्रहालयात घेऊन गेले. लाकडी खण ओढला. आत पेंढा भरलेले चंडोल उताणे, एका रांगेत, डोळ्यांच्या जागी कापूस. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. डांबरगोळ्यांचा वास. चिठ्ठ्यांवर जुन्या वळणाच्या अक्षरात गावाचं नाव, कुठे नुसतं ‘बंगळूर’.

“यातला आखूड शेपटीचा कुठला, दाखव,” अण्णा म्हणाले.

मी एक दाखवला.

“का?”

“शेपटी आखूड वाटते.”

“पिसं गळलेली आहेत. हा दुसराच.” त्यांनी शेजारचा उचलला आणि उजेडात धरला. “हा तांबड्या मातीवरचा म्हणून पाठ तांबडी. हा काळ्या मातीवरचा म्हणून काळपट. चंडोल जिथे राहतो तिथली माती पाठीवर घेतो. जुन्या लोकांनी पाठीचा रंग बघून नावं दिली, ढीगभर. पुढच्यांनी ती सगळी एकात कोंबली. बंगालपासून सिलोनपर्यंत म्हणे एकच पक्षी. आता लोक म्हणतात, पुन्हा वेगळे करा.”

“कशावरून?”

“आवाजावरून. उत्तरेकडचा उंच उडतो, गोल फिरत बारीक गातो. आमचा आखूड शेपटीचा झुडपावर बसून गातो. उडालाच तर स्वल्प, लगेच खाली. कातडी शेजारी शेजारी ठेवली तर सारखी. तोंड उघडलं की दोन वेगळी माणसं.” त्यांनी खण बंद केला. “हे बोलत नाहीत. यांचा उपयोग नाही.”

अण्णांच्या खोलीत भिंतीवर ट्रेसिंग कापडावर काढलेला नकाशा होता. बंगळूरपासून दीडदोनशे किलोमीटरचा परीघ. टेकड्यांच्या उंचीरेषा तपकिरी शाईत, तळी निळ्या शाईत. चंडोलांचे ठिपके वेगवेगळ्या रंगांत, एका आकाराचे, एका दाबाचे. ज्या वर्षी एखाद्या ठिकाणी पक्षी आढळला नाही, त्या वर्षी ब्लेडच्या टोकाने ठिपका खरवडून काढत. कापडावर तेवढी जागा खरबरीत राहत असे. आखूड शेपटीचे ठिपके हिरवे होते. शहराच्या बाजूने ते कमी होत चालले होते. दर वर्षी हिरवा रंग थोडा बाहेर सरकलेला. मी त्यावर बातमी केली होती, तीन कॉलमी, शहराच्या पानावर: वाढत्या वस्तीपुढे चंडोलाची माघार. आधार म्हणून अण्णांचा नकाशा छापला होता.

उत्तरेकडचा तो माळ गोमाळ होता, गावाच्या गुरांसाठी राखलेलं कुरण. त्याच्या पश्चिमेच्या उतारावर दोन्ही झुडपी चंडोल शेजारी शेजारी घरटी करतात, हे अण्णांनी तरुणपणी नोंदवलं होतं. शहराजवळ अशी दुसरी जागा त्यांच्या नकाशावर नव्हती. माळावर वसाहतीचा लेआउट आखला गेला तेव्हा अण्णांनी दोन वर्षं पत्रं लिहिली. शेवटी लेआउट आखणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून उत्तर आलं: आखूड शेपटीचा चंडोल या उतारावर वीण करतो असं चालू वर्षाच्या गणनेत दिसलं, तर उतार लेआउटमधून वगळण्याचा विचार होईल. गणना अण्णांनीच करावी. त्यांच्याइतकी वर्षं या पक्ष्यांवर कुणी घालवली नव्हती.

उतार राहणार की जाणार, हे एका सकाळवर आलं होतं.

गणनेचा नियम अण्णांचा आणि त्यांच्या जुन्या सोबत्यांचा होता. ऐकणारा एक, लिहिणारा एक. लिहिणाऱ्याने बोलायचं नाही. मान हलवायची नाही, बोट दाखवायचं नाही. पूर्वी कधीतरी एकाने ‘तिकडे’ म्हटलं, दुसऱ्याने ‘हो हो’ म्हटलं, आणि माळावर नसलेले पक्षी वहीत आले. तेव्हापासूनचा हा नियम. गाणारा नर स्वतः ऐकला तरच त्या जातीच्या रकान्यात नोंद. नुसता दिसला आणि पक्का ओळखू आला नाही, तर ‘अनिश्चित’. मला हा नियम पटला होता. बोलणाऱ्याच्या तोंडात शब्द घालू नये, हे आमच्या धंद्यातही पहिल्या आठवड्यात शिकवतात.

त्या रविवारी आम्ही जयनगरहून पहिल्या बसने यशवंतपूरला गेलो. बाजारात कांद्याचे ट्रक रिकामे होत होते. पोत्यांची धूळ दिव्यांच्या उजेडात तरंगत होती. अण्णांनी हॉटेलात उभ्याने कॉफी घेतली आणि वहीवर रकाने आखले, पट्टी न लावता, तरी सरळ. दुसरी बस उत्तरेकडे. उतरलो तेव्हा पूर्वेला लाली होती. गवत सुकलेलं, गुडघ्याएवढं, मध्ये मध्ये घाणेरीची झुडपं, तांबडी खडी. मेंढ्यांच्या लेंड्यांचा आणि दवाने भिजलेल्या धुळीचा वास.

आठ थांबे, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. तांबड्या पंखांचे झुडपी चंडोल पहिल्याच थांब्यावर उडाले. झुडपावरून उभे वर जायचे, शिट्टी घालायचे आणि पंख उचलून, पाय लोंबते सोडून दुसऱ्या झुडपावर उतरायचे. अण्णा प्रत्येक उड्डाण बघत आणि हलक्या आवाजात सांगत. “तांबडा. नर. लिही.”

तिसऱ्या थांब्यावर मला एक आवाज ऐकू आला. कोरडा, खरखरीत, धातूचा. पत्र्याच्या कडेवरून बारीक साखळी ओढावी तसा. थोडा वेळ यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. मला तो किडा वाटला. माझ्या पुढे वही होती आणि मला बोलायचं नव्हतं.

पंधरा पावलांवर घाणेरीच्या शेंड्यावर एक पक्षी बसला होता. अण्णांनी दुर्बीण लावली. बराच वेळ बघितलं. पक्ष्याची चोच उघडी होती.

“उन्हानं धापा टाकतोय,” अण्णा म्हणाले. “झुडपी, अनिश्चित. लिही.”

मी लिहिलं. वेळेचा रकाना मीच भरत होते. पावणेसात वाजले होते. स्वेटर अजून आमच्या अंगात होते.

पाचव्या थांब्यावर मुनियप्पा भेटला. पन्नाशीचा, खांद्यावर घोंगडं, मागे मेंढ्या. अण्णांची आणि त्याची वीस वर्षांची ओळख. तो कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला आणि हाताने सगळा उतार दाखवला. अण्णा हसले आणि मला मराठीत म्हणाले, “म्हणतो, पहाटेपासून नेलगुब्बी नुसते ओरडतायत. त्याला सगळेच नेलगुब्बी. जमिनीवर बसला की नेलगुब्बी.” मुनियप्पाने पुन्हा तेच सांगितलं, या वेळी तोंडाने खर्रर्र असा आवाज काढून. अण्णांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. “सरी, सरी.” म्हणजे बरं, बरं.

आठवा थांबा संपला तेव्हा ऊन पाठीला लागत होतं. अण्णांनी वही घेतली, रकान्यांवरून बोट फिरवलं, आखूड शेपटीच्या रकान्यापाशी थांबले. मग वही मला परत दिली. “बेरीज लिही.”

मी लिहिली.

बसच्या वाटेवर ते एकदाच बोलले. “ऐंशी सालापर्यंत इथे उभं राहिलं की कान भरून जायचे.”

अहवाल त्यांनी सोमवारी स्वतः नेऊन दिला. अक्का दारात उभ्या होत्या.

“स्वतःच्या हातानं दिलास?”

“आहे ते दिलं.”

“मग दोन वर्षं पत्रं कशाला खरडलीस?”

“पक्षी होता म्हणून. आता नाही.”

“धन्य आहे बाबा तुझी,” अक्का म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या रात्री जेवणात त्यांनी अण्णांच्या आवडीची पोडी, म्हणजे चटणीची पूड, केली होती, हेही मला आठवतं. तिखट, भरपूर तीळ घातलेली. अण्णांनी ताटातली तशीच ठेवली.

कॅसेट जूनमध्ये आली. देशभर फिरून चंडोलांचे आवाज टेप करणाऱ्या एका अभ्यासकाने ती पाठवली होती. सोबत चिठ्ठी: पहिल्या बाजूला दक्षिणेतला झुडपी चंडोल, दुसऱ्या बाजूला उत्तरेतला. आपल्या माळावर जो ऐकू येतो तो यातला कोणता, आपल्याइतकं खात्रीने कुणी सांगू शकणार नाही, कृपया कळवावं.

रविवार सकाळ होती. अण्णांनी जेवणाच्या टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला, वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं. कॅसेट घातली, बटण दाबलं. मी समोर बसले होते. अक्का आत भाजी चिरत होत्या.

खोलीत तो आवाज सुरू झाला. कोरडा, खरखरीत. साखळीचा.

अण्णांनी मिनिटभर वाट बघितली. आवाजाचं चाक पूर्ण फिरवलं. कॅसेट काढली, उजेडात धरून फीत बघितली, पुन्हा घातली.

“रिकामी आहे,” ते म्हणाले.

त्यांनी बाजू उलटली. दुसऱ्या बाजूला बारीक, दोन सुरांचं, उंचावरून येणारं गाणं होतं. ते संपेपर्यंत ते पेन्सिल धरून बसले. “हीपण. पोस्टात पुसली गेली असणार. लोहचुंबकाजवळ वगैरे.” त्यांनी पुन्हा पहिली बाजू लावली.

आतून अक्का ओरडल्या. “हणमंता! ते किरकिर बंद कर रे! डोकं उठलं सकाळी सकाळी.”

अण्णांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“आवाज येतोय, अण्णा,” मी म्हणाले.

त्यांनी तळहात टेपरेकॉर्डरच्या जाळीवर ठेवला. तसाच ठेवून बसले. फीत फिरत होती.

“कसा आहे?”

“साखळी ओढल्यासारखा. पत्र्यावरून.”

“हा माळावर ऐकलास?”

“तिसऱ्या थांब्यावर. पाचव्या. शेवटच्या दोन्ही. मला किडा वाटला.”

“बोलली का नाहीस?” आणि मी उत्तर देण्याआधीच ते म्हणाले, “नाही. तू बोलायचं नव्हतं.”

अक्का हात पुसत बाहेर आल्या. आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघितलं आणि खुर्ची ओढून बसल्या. त्या दिवशी त्या पहिल्यांदा हळू बोलल्या, आणि अण्णांना ते ऐकू आलं नाही.

कानाच्या डॉक्टरकडे मी बरोबर गेले होते. काचेच्या खोलीत अण्णा डोक्याला यंत्र लावून बसले. आवाज ऐकू आला की बोट उचलायचं होतं. आधी ते नियमित उचलत होते. नंतर त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तसेच राहू दिले. कागदावर आलेख आला. रेघ डावीकडून सपाट जात होती, मध्याच्या पुढे एकदम खाली उतरत होती.

“कडा आहे,” अण्णा म्हणाले. उंचीरेषा वाचायची त्यांना आयुष्यभराची सवय होती.

डॉक्टरांनी सांगितलं, वयाने होतं. जाड आवाज, पुरुषांचं बोलणं, गाड्या, सगळं ऐकू येत राहतं म्हणून लक्षात येत नाही. बारीक वरचे आवाज आधी जातात.

“कधीपासून?”

“ते सांगता येणार नाही. हळूहळू होतं.”

“साल सांगा. अंदाजानं.”

“खरंच सांगता येणार नाही, सर.”

अण्णांना एवढंच हवं होतं. साल कळलं असतं, तर नकाशा कुठपर्यंत खरा ते ठरवता आलं असतं.

पुढचे दोन आठवडे संध्याकाळी मी त्यांच्या वह्या वाचून दाखवल्या. वह्या त्यांच्याच होत्या, त्यांना सगळ्या पाठ होत्या, पण त्यांना दुसऱ्याच्या तोंडून हव्या होत्या. मी जाड आवाज काढून वाचत होते. वर्षामागून वर्ष, थांब्यामागून थांबा. आखूड शेपटीचा रकाना आटत गेला होता आणि त्याच्या शेजारचा ‘अनिश्चित’ रकाना वाढत गेला होता. दोन्ही रकाने एकाच पानावर, बोटभर अंतरावर. पंधरा वर्षं ते कुणी एकमेकांशी लावून बघितले नव्हते. मीही नाही, तीन कॉलमी बातमी करताना सुद्धा. काही नोंदींपुढे शेरा होता: चोच उघडी, धापा. अशा नोंदी बहुतेक सकाळच्याच होत्या.

खरवडलेल्या ठिपक्यांपैकी किती ठिकाणी पक्षी खरोखर गेला होता आणि किती ठिकाणी नव्हता, हे त्यावरून ठरवता आलं नाही. काही माळांवर तोवर इमारती झाल्या होत्या. तिथे जाऊन ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं. आमच्या दैनिकाने आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापली. मजकूर मी लिहिला होता.

जुलैमध्ये अण्णांनी कार्यालयाला एका पानाचं पत्र लिहिलं. एप्रिलची गणना सदोष आहे. गणना करणाऱ्याला या पक्ष्याच्या पट्टीतला आवाज ऐकू येत नाही. सोबत आलेख जोडला आहे. ते पत्र त्यांनी टाइप करून घेतलं नाही, हाताने लिहिलं, नकाशाच्या अक्षरात. आम्ही दोघं ते द्यायला गेलो. टेबलामागचा अधिकारी सभ्य होता. त्याने पत्र दोनदा वाचलं.

“सर, दोन्ही सह्या तुमच्याच. मी कुठले हणमंतराव खरे धरू? एप्रिलचे का जुलैचे?”

“जुलैचे.”

“एप्रिलमध्ये पण तुम्हाला खात्री होती.”

अधिकाऱ्याने पत्राला टाचणी लावली.

“नवी गणना आणा. मी फाइलवर ठेवतो.”

पण गाण्याचा हंगाम संपत आला होता. पाऊस वाढला की हे पक्षी गप्प होतात आणि उन्हाची चाहूल लागेपर्यंत गप्प राहतात. गप्प झुडपी चंडोल म्हणजे अनिश्चित. लेआउटचा आदेश त्या हिवाळ्यात निघाला. उतार त्यात होता. आखूड बोटांचे पाहुणे त्या वर्षीही आले, नाचणीच्या खुंटांत उतरले. त्यांच्या थव्यांच्या कडेकडेने मोजणीदार साखळ्या टाकत होते. फेब्रुवारीत माळावर प्लॉटचे दगड रोवले गेले, प्रत्येकावर लाल रंगात क्रमांक.

त्या फेब्रुवारीपासून अण्णा दर रविवारी माळावर जात. नियम बदलला होता. ऐकणारा मुनियप्पा, लिहिणारे अण्णा. मी मध्ये उभी राहत असे, गरज लागली तर. मुनियप्पाला दोन्ही झुडपी चंडोल वेगळे आहेत हे आधीपासून माहीत होतं. एकाला तो शिट्टीवाला म्हणे, दुसऱ्याला साखळीवाला. अण्णांनी वीस वर्षांत त्याला हे कधी विचारलं नव्हतं. कोण कुठे घरटं करतं याचे त्याचे आडाखे अण्णांच्या जुन्या नोंदींशी जुळत होते.

“तुमच्या कानाला काय झालं, सर?” त्याने पहिल्या रविवारी विचारलं. हे मला समजण्याइतकं कन्नड तोवर आलं होतं.

“म्हातारे झाले.”

“मेंढी अशी झाली की आम्ही कापून टाकतो.”

अण्णा मोठ्याने हसले. “आमच्यात तेवढी सोय नाही, मुनियप्पा.”

“स्वल्प गप्प बसा आता. तो बघा, बोलतोय.”

अण्णांनी दुर्बीण लावली. क्रमांकाच्या दगडावर पक्षी बसला होता, चोच उघडी, गळ्याची पिसं थरथरत होती. अण्णा तो उडेपर्यंत बघत राहिले. मग वहीत लिहिलं, आणि लिहिताना विचारलं, “किती वेळ बोलला?” मुनियप्पाने सांगितलं. त्यांनी तेही लिहिलं.

घरी येऊन ते नकाशावर हिरव्या शाईत नवी खूण करत. भरीव ठिपका नाही, पोकळ वर्तुळ. कोपऱ्यातल्या सूचीत त्यांनी अर्थ लिहिला होता: दुसऱ्याने ऐकलेला. अक्का एकदा नकाशासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “हे तर अंड्यांसारखं दिसतंय.” अण्णांनी मान हलवली. त्यांना ऐकू आलं होतं की नाही, मला माहीत नाही.

मार्चअखेर नवी गणना कार्यालयात दिली गेली. आखूड शेपटीचा चंडोल, गाणारे नर, उतारावरच्या सहा जागा, खाली ऐकणाऱ्याचा अंगठा आणि लिहिणाऱ्याची सही. उत्तर आलं की लेआउटच्या पुढच्या टप्प्याच्या वेळी तिचा विचार केला जाईल. पहिल्या टप्प्यात तो उतार होता.

एप्रिलमध्ये रस्त्यांचं काम सुरू झालं. ते पूर्वेकडून येत होतं. करंज फुलला होता आणि दुपारी गारा पडत होत्या. त्या वेळचं माझ्या मनात जे उरलं आहे ते मुख्यतः रंगांचं आहे: तांबडा मुरूम, पिवळा रोलर, दगडांवरचे लाल आकडे, आणि त्यात कुठेही न दिसणारा, मातीच्या रंगाचा पक्षी.

शनिवारी मुनियप्पाला पश्चिम टोकाला घरटं सापडलं. गवताच्या झुपक्याच्या बुडाशी, वरून अर्धं झाकलेलं, तीन अंडी. अण्णांनी त्याचं चित्र काढलं, दगडापासूनचं अंतर पावलांत मोजून लिहिलं. सोमवारी ते कार्यालयात गेले. अधिकारी रजेवर होता. मंगळवारी रोलर पश्चिम टोकाला पोचला.

बुधवारी अण्णा आणि मुनियप्पा दोघंच गेले. मी दैनिकाच्या कचेरीत होते. त्या दिवसाचं वहीचं पान मी नंतर वाचलं. ऐकणारा मुनियप्पा, लिहिणारे हणमंतराव. सकाळी सहा चाळीस. एक नर, क्रमांकाच्या दगडावर, गात होता. दुसरा पक्षी दिसला नाही. घरट्याच्या जागी मुरूम होता, दाबलेला.